सबूरची घंटी

आमच्या हॉस्पिटलातले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे सबूर म्हणायचे. शेवटचं बटण दाबायच्या आधी तो बोट हवेत धरायचा आणि स्वतःलाच 'सबूर' म्हणून बजावायचा, त्यावरून हे नाव पडलं. पुढे ते इतकं चिकटलं की त्याची बायकोही फोन करून "आमचे सबूर आहेत का तिकडे?" असं विचारायची. हाक मारली की तोही बिनतक्रार ओ द्यायचा.

मी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डाची मोठी सिस्टर. माझा स्वभाव तापट आहे, हे मी नाही सांगितलं तरी दुसरं कुणीतरी सांगेलच. घाबरट माणसाचं आणि माझं कधी जमलं नाही. आमच्याकडे ओंजळीत मावतील अशी बाळं असतात. तिथे हात थरथरला तर सुई लागत नाही, म्हणून भीती चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायला मी शिकले. आणि हा बाबा भीती बारा महिने स्वेटरसारखी अंगात घालून फिरायचा. लिफ्टमध्ये त्याने कधी पाय ठेवला नाही. कुत्रं दिसलं की रस्ता बदलायचा. घराला कुलूप लावून निघाला की कोपऱ्यावरून परत जाऊन ते ओढून बघायचा, आणि एकदा तर या गडबडीत बायकोला आत कोंडून ड्यूटीवर आला. ती खिडकीतून शेजारणीला किल्ली टाकून बाहेर पडली आणि थेट हॉस्पिटलात येऊन सगळ्यांसमोर त्याला म्हणाली की आता मलाही ओढून बघा, नीट लागलेय का. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, याच्या पाठी तर त्यांची रांगच लागलेली होती.

त्याची खोली जिन्याखाली, चादरींच्या खोलीला लागून. आत शिरलं की धुतलेल्या कापडाचा वास, खिळ्यांना टांगलेल्या वायरींची वेटोळी, आणि पोट उघडून ठेवलेली मशीनं. एकच टेबलफॅन होता, तोही मशीनकडे तोंड करून. हा घामाघूम व्हायचा, पण फॅन स्वतःकडे वळवायचा नाही.

तो असा का झाला ते त्याच्या बायकोने मला एकदा सांगितलं. सुरुवातीला तो एका मालवाहतुकीच्या गोदामात कामाला होता. तिथल्या कॉम्प्युटरवर एक नवीन काम बसवायचं होतं, त्याला नव्या आवृत्तीचं पायथन हवं होतं. पायथन म्हणजे कॉम्प्युटरला कामं सांगायची भाषा, एवढं मलाही माहीत आहे. याने काय केलं, मशीनमधलं जुनं पायथन उपटून काढलं आणि नवीन घातलं. पण ते जुनं पायथन मशीन स्वतःसाठीच वापरत होतं. मशीनचे स्वतःचे कितीतरी कारभार त्याच्यावर चालायचे. दुसऱ्या दिवशी पडद्यावर काळोख. गाड्या फाटकात उभ्या, ड्रायव्हर शिव्या देताहेत, आणि मालकाने याला सगळ्यांदेखत दंडाला धरून बाहेर काढलं. तेव्हापासून दुधाने तोंड पोळलेला हा माणूस ताकच काय, पाणीही फुंकून प्यायला लागला.

आमच्या सिलिंडरच्या खोलीत ऑक्सिजनच्या टाक्या दोन रांगांत उभ्या असतात. तिथून नळ्या भिंतीतून वर येतात, थेट माझ्या बाळांच्या काचेच्या पेट्यांपर्यंत. एक रांग संपत आली की पान्याने झडप फिरवून दुसरी चालू करायची असते. पूर्वी त्या खोलीत कंपनीचं इशारा देणारं यंत्र होतं. ते बिघडलं, आणि दुरुस्त करायला बोलावावं तर कंपनीच बंद पडलेली. तेव्हा सबूरने नळीवर दाब मोजणारा एक छोटासा भाग बसवला, तो एका जुन्या कॉम्प्युटरला जोडला आणि पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो दर मिनिटाला जागा व्हायचा, दाब बघायचा आणि परत झोपायचा. दाब उतरला की माझ्या टेबलाशेजारची घंटी वाजायची. प्रत्येक बाळाच्या पायाला लावलेलं यंत्रही वाजतं म्हणा, पण ते बाळाचा जीव कासावीस झाल्यावर. ही घंटी त्याच्या आधी वाजायची.

हा प्रोग्रॅम त्याने मशीनच्या स्वतःच्या पायथनमध्ये घातला नव्हता. गोदामात शहाणपण आलं होतं ना. त्याने त्याच्यासाठी वेगळा कप्पा केला होता. त्यात त्याचं स्वतःचं पायथन आणि दाब वाचायला लागणारं सामान. मशीनचा संसार वेगळा, याचा वेगळा. भांड्याला भांडं लागायला नको. मला हे समजावताना त्याने माझा जेवणाचा डबा पुढे ओढला आणि भाजी पोळीला लागू नये म्हणून तुम्ही कप्पे ठेवता की नाही, असं विचारलं. मी डबा ओढून घेतला आणि म्हटलं, शिकव, पण माझी भाजी खाऊ नकोस.

आणि मग त्याची ती रोजची चाचणी. सकाळी ड्यूटी बदलली की हा सिलिंडरच्या खोलीत जाणार, दाब मोजणाऱ्या भागाकडे जाणारी तेवढी बारकी नळी बंद करणार. बाळांचा ऑक्सिजन चालूच, पण मशीनला वाटायचं की दाब गेला. घंटी वाजायची, नुकती झोपलेली बाळं दचकायची, आणि लगेच फोन. "वाजली का, सिस्टर?" मी "वाजली" म्हणेपर्यंत तो फोन ठेवायचा नाही. मी कितीदा त्याला झाडलं असेल. रोज मेलं काय वाजवून बघायचं, कुणाच्या लग्नाची वरात आहे का, असं विचारलं. तो एकच सांगायचा, की वाजणारी घंटी बिघडली तर कळतं, पण गप्प घंटी बिघडली तर गप्पच राहते. मला ते भित्र्याचं तत्त्वज्ञान वाटायचं.

मग माझ्या सुनेचे दिवस भरायच्या कितीतरी आधीच तिला कळा आल्या आणि माझी नात माझ्याच वॉर्डात आली. खिडकीकडून तिसरी पेटी. नियमाप्रमाणे मी तिला हात लावायचा नाही, तिचं सगळं माझ्या हाताखालची सिस्टर बघायची. आजीने फक्त काचेतून बघायचं. तिची फुप्फुसं पिकली नव्हती. ती एकदाही रडली नव्हती, रडायला लागतो तेवढा श्वासच तिच्यापाशी नव्हता. माझा मुलगा पावाची गाडी चालवतो. तो पहाटेची फेरी उरकून यायचा आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर हात गुडघ्यांत घालून बसून राहायचा. इतक्या वर्षांत लेकी-सुनांना धीर देऊन देऊन माझी जीभ झिजली होती. पोटच्या पोराला काय सांगावं ते मला सुचेना.

त्या दिवसांत मी पहिल्यांदा सबूरच्या फोनची वाट बघायला लागले. घंटी वाजली की जिवाला बरं वाटायचं. त्याला अर्थातच मी हे सांगितलं नाही.

आणि नेमका तेव्हाच सिलिंडरच्या खोलीतला तो जुना कॉम्प्युटर मरायला टेकला. तापायचा, घरघरायचा, मध्येच बंद पडून आपोआप चालू व्हायचा. आमच्या व्यवस्थापक साहेबांनी ऑफिसमधलं एक बऱ्यापैकी नवं मशीन खाली पाठवलं. दोन्हीवर लिनक्सच, म्हणजे मशीनचा मूळ कारभारी एकाच जातीचा, पण लिनक्समध्येही भाऊबंदकी आहे म्हणे. कूळ एक, घरं वेगळी, आणि प्रत्येक घरची शिस्त निराळी. जुनं मशीन एका घरचं, नवं दुसऱ्या. त्यात नव्यावरचं पायथन बऱ्याच पुढच्या आवृत्तीचं. सबूरने साहेबांकडे दोन दिवस मागितले. साहेब वाईट नव्हते, पण त्यांच्या डोक्यावर सगळा दवाखाना होता. त्यांनी विचारलं की चालतंय ते फोल्डर जसंच्या तसं उचलून इकडे ठेवलं तर काय बिघडेल? असे कप्पे एका मशीनवरून दुसऱ्यावर उचलून नेता येत नाहीत, ते तिथल्या तिथे नव्याने करावे लागतात, असं सबूर म्हणाला. करून तर बघा, असं साहेब म्हणाले. सबूरने करून बघितलं.

आणि ते चाललं. नव्या मशीनवरून घंटी वाजली, मी फोनवर "वाजली" म्हटलं, साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि जुनं मशीन दुपारी काढून न्यायला इलेक्ट्रिशियनला सांगितलं. थोड्या वेळाने सबूर वॉर्डाच्या दाराशी आला. चेहरा चुन्यासारखा.

"आता काय झालं?" मी विचारलं. "चाललं ना?"

"चाललं, सिस्टर. पण चालायला नको होतं."

बंद पडलं म्हणून रडणारी माणसं मी पाहिली होती, चाललं म्हणून घाबरणारा हा पहिलाच. हाताखालच्या सिस्टरला हसू फुटलं. मी मात्र हसले नाही. माझी नजर खिडकीकडच्या तिसऱ्या पेटीवर गेली आणि मी त्याला म्हटलं की बघून ये, का चाललं ते बघूनच ये.

खाली जाऊन त्याने प्रोग्रॅमलाच विचारलं की तू कुठल्या पायथनवर उभा आहेस. प्रोग्रॅमने उत्तर दिलं ते जुन्या आवृत्तीचं. ती आवृत्ती नव्या मशीनवर नव्हतीच. मग आली कुठून? तेव्हा त्याला आठवलं. सामान हलवताना एखादी फाइल राहून जाईल या धास्तीने त्याने जुन्या मशीनची डिस्क वायरीवरून नव्या मशीनला जोडून ठेवली होती, आणि जोडताना तिला जुनाच पत्ता दिला होता. कप्प्याच्या आत ठिकठिकाणी तोच पत्ता लिहिलेला. म्हणून प्रोग्रॅम दर मिनिटाला उठून नव्या मशीनमधून जुन्याच मशीनकडे चालत जात होता. घंटी वाजत होती ती त्या मरायला टेकलेल्या कॉम्प्युटरच्या जिवावर. आणि ही चूक त्याच्याकडून झाली ती त्याच्या भीतीपायी.

तो मागे वळला, तर इलेक्ट्रिशियन जुन्या मशीनची वायर गुंडाळत उभा होता. सांगितलेलं काम त्याने वेळेआधी केलं होतं. वायर परत लावली. पंखा एकदा घरघरला आणि थांबला. पुन्हा लावली, तर तेवढंही नाही.

माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"सिस्टर," सबूर म्हणाला, "आता घंटी नाही. घंटीवर विसंबू नका."

मी भिंतीवरच्या घंटीकडे बघितलं. ती रोजच्यासारखीच दिसत होती. गप्प, गोल, निकेलची. रोज ती गप्प असली की सगळं ठीक आहे असं समजून मी फिरायचे. आता तीच शांतता माझ्या अंगावर आली. भीती दाराबाहेर ठेवायची सवय त्या क्षणी पार मोडली.

दाबाचा काटा दाखवणारं घड्याळ खाली होतं, पण त्याच्यासमोर बसायला माणूस नव्हता. सिलिंडरवाले मामा अपघात विभागात टाकी घेऊन गेलेले. मी बाहेर बाकापाशी गेले आणि मुलाला म्हटलं, ऊठ, खाली जा, काट्यापुढे बस आणि डोळा हलवू नकोस. त्याने का म्हणून विचारलं नाही. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्याला काहीतरी करायला सांगितलं होतं. तो पळतच गेला. काटा लाल पट्टीकडे सरकला की सांगायचं, एवढं सबूरने त्याला दाखवलं, आणि वॉर्डाशी जोडलेला फोन उचलून बाजूला ठेवला, म्हणजे इकडे मला सगळं ऐकू यावं.

मग मी रिसीव्हर कानाला लावून उभी राहिले आणि त्याचं स्वतःशी बोलत चाललेलं काम ऐकत राहिले. नव्या मशीनला त्याने कप्पा कर म्हणून सांगितलं, तर या घरात कप्पा करायचं हत्यारच आधी मागून घ्यावं लागतं असं निघालं. हत्यार आणायला नेट हवं, आणि खोलीत नेट नाही. तो मोबाइल मशीनला जोडून ते आणायला लागला. घाईत दाब वाचायचं सामान कप्प्याआधीच आणलं, तर मशीन म्हणालं की माझ्या पायथनमध्ये बाहेरचं सामान घालायचं नाही, हा माझा संसार आहे. एवढ्यात साहेब तिथे पोचल्याचं ऐकू आलं. त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर वाचलेलं, की जबरदस्तीने बसवायचाही एक मार्ग असतो. एकच शब्द वाढवून लिहायचा.

"आहे तसा मार्ग?" मी फोनमध्ये ओरडले. "मग जबरदस्तीने बसव. बसव बाबा, ती माझी नात आहे रे."

सबूरचा आवाज आला. रोजच्यासारखाच घाबरलेला, पण हटेना.

"नाही, सिस्टर. आज वाजेल. पुढे कधीतरी मशीन स्वतःची दुरुस्ती करील आणि माझं सामान काढून टाकील. मग ती गप्प बसेल, आणि आपल्याला वाटेल सगळं ठीक आहे."

मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. साहेबांनी काही म्हणायचा प्रयत्न केला, पण सबूर कळफलकाशी परत गेला होता. वेगळा कप्पा केला. त्यात सामान भरायला गेला तर दाब वाचायची जुनी लायब्ररी, म्हणजे त्या सामानातला तयार प्रोग्रॅमचा गठ्ठा, नव्या पायथनवर बसेना. ती तिथल्या तिथे नव्याने बांधून घ्यायची, आणि बांधायला लागणारी साधनं पुन्हा या घरात वेगळ्याच नावाने मिळतात. तो नावं शोधत होता. दर थोड्या वेळाने पुटपुटत होता, सबूर, सबूर.

"काटा सरकतोय," माझा मुलगा म्हणाला.

त्या दिवशी ऑपरेशन थिएटरही भरलेलं होतं, टाक्या रोजच्यापेक्षा लवकर संपत आल्या होत्या. रोज अशा वेळी माझी घंटी वाजायची, मी मामांना हाक मारायचे आणि विसरून जायचे. आता घंटी भिंतीवर तशीच लटकत होती. मामा कुठे आहेत म्हणून मी विचारलं, तर साहेब त्यांना शोधायला धावलेत असं कळलं. मुलगा म्हणत होता, आई, लाल पट्टीला लागला. आणि मग खुर्ची सरकल्याचा आवाज. टाक्यांच्या झडपेला कधी हात न लावणारा सबूर माझ्या मुलाला सांगत होता की तो मोठा पाना दे, धर, तिकडे नाही, इकडे फिरव, मी पण धरतो. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. दोघांचे धापा टाकणारे श्वास आले. मी काचेतून तिसऱ्या पेटीकडे बघत होते. तिची बरगडी आत जात होती, बाहेर येत होती. मी तिच्या छातीवरून नजर काढली नाही. देवाचं नाव घ्यायचंही सुचलं नाही.

मग फोनमध्ये जोराचा फुस्स आवाज झाला, आणि माझा मुलगा रडायला लागला. काटा वर आलाय, आई, वर आलाय, एवढंच तो परत परत म्हणत होता. इकडे एकाही बाळाच्या पायाचं यंत्र वाजलं नव्हतं. हाताखालच्या सिस्टरला माझ्या ओरडण्याची सवय, तिला काही झालंय हेच माहीत नव्हतं. ती दुधाच्या बाटल्या मोजत होती.

सबूर परत खुर्चीवर बसला असावा, कारण कळफलकाची टकटक ऐकू आली. टकटक मध्येच थांबायची, परत सुरू व्हायची. तेवढ्यात मामा धावत आले, साहेब आले, काटा बघून झाला. माझा कान दुखायला लागला होता, पण मी रिसीव्हर सोडला नाही. शेवटी सबूर प्रोग्रॅमला विचारताना ऐकू आलं, तू कुठल्या पायथनवर उभा आहेस. उत्तर आलं असावं, कारण तो मोठ्याने म्हणाला, स्वतःच्या. मग त्याने जुन्या मशीनची डिस्क जोडणारी वायर उपटून काढली. मेलेल्या मशीनची ती वायर काढून काय उपयोग, असं साहेब म्हणाले. त्याने ती तरीही काढली आणि माझ्या मुलाच्या हातात दिली.

बारकी नळी बंद केल्याचं मला कळलं नाही. एकदम माझ्या कानाशी घंटी खणखणली. मी दचकले, सगळा वॉर्ड दचकला, पेट्यांमध्ये इवल्या मुठी उघडल्या.

"वाजली का, सिस्टर?"

मी पेट्यांकडे वळले. खिडकीकडच्या तिसऱ्या पेटीतून आवाज येत होता. बारीक, चिरका, मांजरीच्या पिल्लाएवढा. माझी नात दचकून रडत होती. आयुष्यात पहिल्यांदा.

मी रिसीव्हरची वायर ताणता येईल तेवढी ताणली आणि तो तिच्या दिशेने धरून ठेवला. खाली माझा मुलगाही ऐकत होता. मग रिसीव्हर परत तोंडाशी आणला.

"वाजली," मी म्हटलं. "परत वाजव."